बेटावरची मोक्याची जागा

आमच्या कचेरीत डायरेक्टरची खोली कोपऱ्यात आहे. तिला दोन खिडक्या आहेत आणि त्यातल्या एका खिडकीत एक झाड आहे. कधीकाळच्या एक डायरेक्टरबाई निवृत्त होताना ते तिथंच सोडून गेल्या. डायरेक्टर येतात आणि जातात. झाड राहतं, आणि त्याला पाणी घालायला मी राहते.

मी कॅनडात, रेजिनात, एका सरकारी खात्यात वकील आहे. पण काळा डगला घालून कोर्टात उभी राहणारी नव्हे. माझं काम कायदे लिहिण्याचं. मंत्र्याला काहीतरी करायचं असतं, कधीकधी त्यालाही ते नक्की ठाऊक नसतं, आणि आम्ही ते कलमांत बसवून देतो. नागपूरला वकिली शिकले, इथं येऊन परत परीक्षा दिल्या, आणि या कचेरीत लागले तेव्हा मुलगी पाळणाघरात होती. आता ती ओटाव्यात नोकरी करते आणि मला फोनवर इंग्रजीतून अक्कल शिकवते.

डायरेक्टर सोडून गेला की ती खुर्ची मी सांभाळायची, असा आमच्याकडे रिवाज पडून गेला आहे. त्याला इथं ‘ॲक्टिंग’ म्हणतात. ॲक्टिंग माणसानं कोपऱ्यातल्या खोलीत बसायचं नसतं, दारावरची पाटी बदलायची नसते. आपल्याच क्युबिकलमध्ये बसून दोघांचं काम करायचं, आणि जाता-येता झाडाला पाणी घालायचं. मग जागेची जाहिरात येते, मी अप्लाय करते, मुलाखत छान होते, आणि बाहेरून कोणीतरी नेमला जातो. मग त्याला सगळं शिकवणं हेही माझ्याकडेच येतं. मागच्या वेळी आलेल्या गृहस्थांनी पहिल्या दिवशी मला वॉशरूम कुठं आहे ते विचारलं आणि दुसऱ्या दिवशी विधेयक कसं पुढं जातं ते विचारलं. दोन्ही मी सांगितलं.

दर वेळी मुलाखतीनंतर मला बोलावून, दार लावून, अगदी प्रेमानं कारण सांगण्यात येतं. तुझं काम उत्तमच आहे, पण लोकांशी तुझी अजून तेवढी जवळीक नाही. लोक म्हणजे कोण, हे मी एकदा विचारलं होतं. त्यावर नुसतं हसू मिळालं. आता मला कळतं. इथली मंडळी उन्हाळ्यात लेकवर, म्हणजे तळ्याकाठच्या आपापल्या बंगल्यांत जातात. तिथं एकमेकांच्या डेकवर बसून बिअर पितात, आणि कोणी कुठल्या खुर्चीत बसायचं ते तिथं ठरतं. आम्हाला लेकवर कोणी बोलावलेलं नाही. आम्ही आपले भीमजयंतीला आठ तास गाडी हाकत कॅल्गरीला जातो.

हे सगळं मला नवीन होतं असंही नाही. माझे वडील नागपूरला सरकारी कचेरीत होते. वरची जागा राखीव होती, वडिलांकडे पदवी होती, अनुभव होता, आणि दर वेळी कागदावर एकच शेरा येई: योग्य उमेदवार उपलब्ध नाही. योग्य उमेदवार समोरच्या टेबलावर बसून त्या जागेचं काम करत असे. त्यांना ‘प्रभारी’ म्हणत. ते प्रभारी म्हणूनच निवृत्त झाले. निरोप समारंभाच्या पत्रिकेतही नावाआधी ते छापलं होतं. आईनं ती पत्रिका चुलीत घातली. मी ठरवलं होतं की आयुष्यात एकदा तरी एका खुर्चीत बसायचं, जिच्या आधी काही लावलेलं नसेल. यापलीकडे माझी महत्त्वाकांक्षा गेली नाही. कोणाला ती छोटी वाटत असेल तर वाटू दे.

म्हणून ती जाहिरात आली तेव्हा मी ती दोनदा वाचली. कायदे लिहिणाऱ्यांच्या जगभरच्या मंडळींना ईमेलवर अशा जाहिराती येत असतात. एक बेट होतं, कोमट समुद्रातलं, आमच्या रेजिनातल्या एखाद्या वस्तीएवढ्या लोकसंख्येचं. ते अजून लंडनच्या ताब्यात आहे. अशी बेटं शिल्लक आहेत हे लोकांना ठाऊक नसतं. लोक तिथं आपलं मंडळ निवडून देतात, मंत्री असतात, भाषणं होतात. पण गव्हर्नर लंडनहून येतो, आणि न्यायाधीश, पोलीसप्रमुख आणि ॲटर्नी जनरल त्याच्या सहीनं नेमले जातात. ॲटर्नी जनरल म्हणजे सरकारचा सगळ्यात वरचा कायदा अधिकारी. त्यांना ती जागा भरायची होती. जुन्या साम्राज्यातल्या कुठल्याही देशातला वकील चालणार होता. कॅनडातला चालणार होता.

“अजून आहेत का अशे बेटं?” नवरा म्हणाला. तोही नागपूरचाच. युनिव्हर्सिटीत लॅब सांभाळतो आणि सहसा कशानंच हलत नाही. “आपल्याले वाटलं होतं, गेले ते सगळे.”

मुलीला सांगितलं तर ती फोनवर ओरडली. “मम्मा, इट्स लिटरली अ कॉलनी! यू कान्ट बी सीरियस!”

“तुझ्या पर्समध्ये नाणं असेल ते काढ,” मी म्हटलं, “आणि त्याच्यावर कोणाचा चेहरा आहे ते बघून मग मला शिकव.”

नाण्यावर इंग्लंडची राणीच होती, तरी ती म्हणाली, “दॅट्स नॉट द सेम थिंग.” असेलही. पण मला तेव्हा तत्त्वचर्चा नको होती. मला खुर्ची हवी होती.

मुलाखत व्हिडिओवर झाली. बाहेर उणे तिसाची थंडी, इंजिन गोठू नये म्हणून गाडी ब्लॉक हीटरला लावलेली, आणि मी बेसमेंटमध्ये वरून कोट आणि खालून लोकरीचे मोजे घालून बसलेले. समोर पडद्यावर गव्हर्नर होते, मऊ आवाजाचे, पांढऱ्या शर्टातले. एक निवृत्त न्यायाधीश होते. लंडनच्या नोकरभरतीवाल्या कंपनीचा एक तरुण माणूस होता, त्याचे दात फार छान होते. आणि एका कोपऱ्यातल्या चौकटीत पन्नाशीची एक काळी बाई होती. तिचा आवाज बंद होता आणि ती मान खाली घालून लिहीत होती. मला वाटलं, टायपिस्ट असेल. प्रश्न संपल्यावर तिनं मान वर करून माझ्याकडे एकदा नीट पाहिलं, एवढं मला आठवतं.

आठवड्याभरात दात छान असलेल्या माणसाचा फोन आला. माझी निवड झाली होती. करार यायचा होता, सही व्हायची होती, पण ते आता उपचारापुरतं, असं तो म्हणाला. मी फोन ठेवला आणि किचनमध्ये उभ्या उभ्या रडले. नवऱ्यानं चहा टाकला. मग तो हळूच म्हणाला, “तिकडं बर्फ शोव्हल करा लागणार नाही,” आणि आम्ही दोघंही हसलो.

तो आनंदात एक चूक करून बसला. त्यानं कॅल्गरीच्या आपल्या मंडळाच्या सेक्रेटरींना सांगितलं. सेक्रेटरी म्हणजे आमचे दादा. तेलकंपनीत इंजिनिअर, आवाज खणखणीत, आणि समाजातल्या कोणाचंही काहीही चांगलं झालं की त्याचा सत्कार केल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. संध्याकाळपर्यंत व्हॉट्सॲपवर बातमी फिरली. रात्री नागपूरहून चुलत बहिणीचा फोन आला. “तू गव्हर्नर झाली म्हणते?”

मी दादांना फोन लावला. “दादा, मी गव्हर्नर नाही. गव्हर्नर मला नेमतो.”

“ताई, मला माहीत आहे ना. पण ॲटर्नी जनरल म्हटलं तर लोकांना काय समजते? गव्हर्नर म्हटलं की लगेच क्लिक होते.”

“पण ते खोटं आहे.”

“बॅनर प्रिंटला गेलं, ताई.”

तर जयंतीच्या कार्यक्रमात माझा सत्कार झाला. एप्रिल असला तरी विंटर टायर्स काढण्याची आमची हिंमत नव्हती, आणि वाटेत दोन तास बर्फाच्या भुरभुरीत गाडी चालवली. कम्युनिटी हॉलमध्ये फोटोपुढं मेणबत्त्या लागल्या, वंदना झाली, मुलांनी इंग्रजीत भाषणं केली. मग मला शाल घातली, पुस्तक दिलं. मागं बॅनरवर माझा पासपोर्टचा फोटो होता आणि त्याखाली मोठ्या अक्षरांत मी गव्हर्नर होते. दादांनी भाषणात सांगितलं की मोक्याच्या जागांवर आपली माणसं बसली पाहिजेत, आणि आज एका बेटावरची सगळ्यात मोक्याची जागा आपल्या ताईंनी धरली आहे. टाळ्या वाजल्या. पहिल्या रांगेतल्या एक म्हाताऱ्या आजी मला जवळ घेऊन पुटपुटल्या, “जयभीम बाई. आता सोडू नको.” मला त्या दिवशी बॅनरचासुद्धा राग आला नाही. वडील असते तर ते त्या बॅनरखाली उभे राहिले असते, एवढंच माझ्या मनात होतं.

मे महिन्यात बेटावरून फोन आला. करार अजून यायचा होता, तोवर ओळख करून घ्यावी म्हणून. फोन करणारी तीच होती, कोपऱ्यातल्या चौकटीतली. ती टायपिस्ट नव्हती. ती डेप्युटी ॲटर्नी जनरल होती, त्याच बेटावर जन्मलेली, लंडनला वकिली शिकून परत गेलेली. आम्ही अर्थात इंग्रजीतच बोललो, पण ते बोलणं मला आठवतं ते मराठीतून, कारण मनात मी ते कितीतरी वेळा पुन्हा ऐकलं आहे.

तिनं आधी घराचं सांगितलं. पावसाचं पाणी टाकीत साठवावं लागतं, तेव्हा छप्पर साफ ठेवा. भाजी घेऊन येणारं जहाज उशिरा येतं, तेव्हा कांदे जास्त घेऊन ठेवा. मग तुमच्या खोलीची काळजी करू नका, म्हणाली. “मी दर शनिवारी जाऊन खिडक्या उघडते. नाहीतर पुस्तकांना बुरशी येते.”

“शनिवारी?” मी विचारलं. “तुम्ही त्या खोलीत बसत नाही?”

“मी माझ्या खोलीत बसते. ती तुमची खोली आहे.”

मी विचारलं, “सध्या ॲटर्नी जनरल कोण आहे?”

“ॲक्टिंग मी आहे,” ती म्हणाली. “नवीन माणूस येईपर्यंत मीच असते. तुम्ही पाचव्या.”

मग तिनं सगळं सांगितलं, कुरकुर न करता, आपल्याच घरातली गंमत सांगावी तसं. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक ॲटर्नी जनरलच्या करारात एक कलम असतं: स्थानिक माणसाला या जागेसाठी तयार करणं. करार संपताना त्यानं गव्हर्नरना लिहून द्यायचं, की माणूस तयार झाला आहे की नाही. हे फक्त त्या खुर्चीतल्या माणसानंच लिहायचं. तिला चौघांनी तयार केलं होतं. एकानं तिच्याच कपाटातले तिचेच मसुदे तिला समजावून सांगितले होते. दुसरा तिला तयार करता करता स्वतः मासे पकडायला शिकला. आणि दर करार संपताना चौघांनीही तेच लिहिलं: हुशार आहे, मेहनती आहे, अजून थोडा वेळ हवा. तसं लिहिलं की लिहिणाऱ्याचा करार वाढवून मिळतो, कारण वेळ तर द्यायलाच हवा.

“आणि बेटाचे कायदे कोण लिहितं?” मी विचारलं.

ती हसली. “ते इथं विचारायची पद्धत नाही.”

“मग तुम्हाला नेमत का नाहीत?”

“मी फार जवळची आहे, म्हणतात. अर्धं बेट माझ्या नात्यातलं, उरलेलं चर्चमधलं. माझ्याकडून निःपक्षपाती काम कसं होईल?” मग ती म्हणाली, “तुम्ही आलात की बोलू. तो रिपोर्ट कसा लिहितात ते मी तुम्हाला सांगेन. तुम्ही वेगळ्या वाटता. मुलाखतीत फक्त तुम्हीच विचारलंत की ऑफिसात आणखी कोण आहे.”

फोन संपला आणि मी बेसमेंटमध्येच बसून राहिले. इथं मी लोकांपासून लांब, म्हणून मला जागा नाही. तिथं ती लोकांच्या जवळ, म्हणून तिला नाही. म्हणजे अंतर किती असावं हे नेमकं कोणाला ठाऊक आहे, आणि ते मोजायची पट्टी कोणाच्या खिशात आहे? मला असा संताप आला की मी वॉशिंग मशीनमधले ओले कपडे काढले आणि विनाकारण परत धुवायला टाकले. वडिलांच्या शेऱ्यातला तो योग्य उमेदवार कोण होता, जो कधीच उपलब्ध नसायचा, हे मी लहानपणी खूप वेळा मनात रंगवलं होतं. गोरापान, चष्मेवाला, दुसऱ्या गावाहून येणारा. आता तो मी होते.

चार दिवस मी तेच डोक्यात घोळवलं. मग लंडनच्या माणसाला फोन केला. विचारलं, डेप्युटी बाईंना ही जागा का देत नाही? तो म्हणाला, त्या अतिशय गुणी आहेत, पण अजून तयार नाहीत. हे त्यानं इतक्या सहज म्हटलं, जणू भाताबद्दल बोलतोय. मी म्हटलं, “त्या तयार आहेत. मी तयार नाही. मी येणार नाही. ही जागा त्यांची आहे आणि ती त्यांना द्या, असं माझं म्हणणं गव्हर्नरना कळवा.” तो म्हणाला, “तुमची भावना मी नक्की पोचवतो.” आमच्या कचेरीतही असंच म्हणून गोष्ट बाजूला टाकतात. ते ऐकूनच मी सावध व्हायला हवं होतं. पण तेव्हा मी फार उंचावर होते. फोन ठेवला तेव्हा मला वाटत होतं की वडिलांसाठी मी काहीतरी केलं.

नवरा संध्याकाळी आला तेव्हा सांगितलं. तो बराच वेळ बूट काढत बसला. मग म्हणाला, “काहून?” आणि माझं सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाला, “बरोबर असन तुझं.” त्यानं काढून ठेवलेल्या उन्हाळी कपड्यांच्या बॅगा परत माळ्यावर चढवल्या. त्याला पोहता येत नाही, तरी त्यानं पोहण्याची चड्डी घेतली होती. ती कुठं ठेवली मी पाहिलं नाही.

दादांना सांगणं जड गेलं. मला वाटलं होतं, ते समजतील. तिथली बाई आपल्यासारखीच आहे, तिचा हक्क मारून मी बसणार नाही, असं मी म्हणाले. दादांना हळू आवाजात बोलताना मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

“ताई,” ते म्हणाले, “आपल्या माणसानं सोडलेली जागा आपल्या माणसाला मिळाली, असं तुम्ही कधी पाहिलं का?”

“दादा, हे तत्त्वाचं आहे.”

“तत्त्वाचं आहेच ना जी. पण तुमच्याच ऑफिसमध्ये चेअर किती वेळा रिकामी झाली? ती तुम्हाला भेटली का?”

मी त्यांच्यावर चिडले. बॅनर छापण्यापलीकडे तुम्हाला काय कळतं, असंही बोलले. ते म्हणाले, ठीक आहे ताई, जयभीम, आणि फोन ठेवला. त्या माणसाला मी कायम चिडवत आले होते, त्याच्या सत्कारांना हसत आले होते. त्याला जे एका मिनिटात दिसलं ते मला चार दिवसांत दिसलं नव्हतं. ज्या बाईनं वर्षानुवर्षं रिकाम्या खुर्चीशेजारी बसून काढली, तिलाच वाटावं की खुर्ची रिकामी ठेवली की ती शेजारच्या बाईला मिळेल! दुसऱ्या कोणी ही चूक केली नसती. लेकवरच्या मंडळींनी तर नाहीच.

जुलैत कळलं. ती जागा यादीतल्या दुसऱ्या माणसाला मिळाली. इंग्लंडचे एक निवृत्त वकील, याआधी अशाच दुसऱ्या एका बेटावर होते, त्याआधी तिसऱ्या. अशी माणसं असतात. एका बेटावरून दुसऱ्यावर जातात आणि जिथं जातील तिथं कोणालातरी तयार करत राहतात.

त्यानंतर तिचा फोन आला. मला वाटलं होतं, येणार नाही. ऑगस्ट संपत आला होता, मी मागच्या अंगणात टोमॅटो काढत होते, लवकरच थंडी पडून वाया जातील म्हणून हिरवेसुद्धा.

“तुम्ही काय म्हणालात ते त्यांनी मला सांगितलं,” ती म्हणाली. “नवीन साहेबांच्या स्वागताच्या पार्टीत. सगळे हसले. फार गोड बाई होत्या म्हणाले, थोड्या भावनाप्रधान.”

“मी ते तुमच्यासाठी केलं.”

“मला ठाऊक आहे.” तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला बरं वाटलं असतं. “पण मला विचारलं नाहीत. लंडनवाले माझ्याबद्दल ठरवतात तेव्हा मला विचारत नाहीत, याची मला सवय आहे. तुम्ही विचाराल असं वाटलं होतं. तुमच्याकडे माझा नंबर होता.”

“ती जागा तुमची होती,” मी म्हटलं. माझा आवाज मलाच हट्टी मुलीसारखा वाटला.

“मला कोणी जागा सोडायला नको होती. चौघंजण सोडून गेलेच आहेत, तुम्ही पाचव्या. मला हवं होतं की कोणीतरी त्या खुर्चीत बसावं आणि एकदा लिहावं, ही तयार आहे. ते दुसरीकडून कुठूनही लिहिता येत नाही. तुम्ही लिहिलं असतं. मी खिडक्या उघडताना तेच मनात धरून होते.” मग तिनं विचारलं, तिकडं थंडी सुरू झाली का, आणि मी म्हटलं, अजून नाही.

मी चुकले, असं मी आजही सरळ म्हणणार नाही. ज्यांनी हे कलम लिहिलं, ज्यांनी चारदा तेच वाक्य लिहून आपले करार वाढवून घेतले, ते मजेत आहेत, आणि चूक कोणाची हा हिशोब आम्ही दोघी आपापल्या ठिकाणी बसून करतोय. मला त्यांचा राग येतो, तिच्या शांतपणाचा येतो, आणि सगळ्यात जास्त त्या दिवशी फोन ठेवताना मला जे समाधान वाटलं होतं त्याचा येतो. शाल अजून कपाटात आहे. ती मी पांघरत नाही आणि कोणाला देतही नाही.

सप्टेंबरात आमच्या डायरेक्टरना ओटाव्यात मोठी जागा मिळाली. पुन्हा मी ॲक्टिंग. पुन्हा जाहिरात आली. या वेळी मी अप्लाय केलं नाही, आणि का केलं नाही ते कोणी विचारलंही नाही. पहिला बर्फ पडला त्या आठवड्यात नवे डायरेक्टर रुजू झाले. चांगले आहेत, हसरे, टोरॉन्टोहून आलेले. मी त्यांना वॉशरूम दाखवली, प्रिंटर दाखवला, विधेयक कसं पुढं जातं ते चित्र काढून सांगितलं. कोपऱ्यातल्या खोलीत त्यांनी खिडकीतल्या झाडाकडे बोट दाखवून विचारलं, हे कोणाचं? मी म्हटलं, खोलीचंच आहे, आठवड्यातून एकदा पाणी लागतं, फार घालू नका.

“तुम्हीच घालत जा ना,” ते मोकळेपणानं म्हणाले. “तुम्हाला सवय आहे.”